अप्पांच्या हाताचा जोर

अप्पा गेल्याचं मला जरा उशिरानेच कळलं. मी टेस्ट इंजिनिअर आहे, सिंगापूरमधल्या वुडलँड्सच्या एका चिप बनवणाऱ्या कंपनीत, आणि आमच्या टेस्ट फ्लोअरवर मोबाइल नेता येत नाही. चहाच्या सुट्टीत लॉकर उघडला तर प्रशांतचे, माझ्या नवऱ्याचे, ओळीने मिस्ड कॉल. मी उलटा फोन लावणार तेवढ्यात त्याचाच पुन्हा आला. "अप्पा गेले गं," तो म्हणाला. "जेवून पडले होते. मी चहा घेऊन उठवायला गेलो तर…" मग म्हणाला, "चेहरा अगदी शांत आहे. तू ये सावकाश. घाई करू नको."

घाई करू नको, हे त्याचे शब्द मी सेम्बावांगला पोहोचेपर्यंत एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभी राहून मनात घोळवत होते. डोळ्यांना धार लागली होती. समोरच्या एका म्हाताऱ्या चिनी बाईंनी पर्समधून टिश्यूचं पाकीट काढून न बोलता माझ्या हातात ठेवलं. पण त्या रडण्यात एक हलकेपण होतं, आणि ते मला तेव्हाच जाणवलं होतं. हीच बातमी काही वर्षांपूर्वी आली असती तर प्रशांतचा आवाज असा नसता. तो कोरडा असता, आणि तो कोरडेपणा आयुष्यभर आमच्या घरात राहिला असता. तसं झालं नाही. सासरे गेल्यावर सुनेने सुटकेबद्दल लिहावं हे कुणाला बरं वाटणार नाही कदाचित, पण ही सुटका त्यांचं करण्यातून माझी झालेली नव्हे. ती त्या दोघांची होती, बाप आणि मुलाची. मी तिथे होते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना मंडाईला नेलं. इथलं दहनगृह तिथे आहे. अप्पा सिंगापूरला आले त्या वर्षी आमच्या ओळखीतले एक गृहस्थ गेले होते, तेव्हा हे नाव ऐकून अप्पा म्हणाले होते, "म्हणजे शेवटी मंडईतच नेणार का मला? जुडी बांधून?" परतताना गाडीत प्रशांतला ते आठवलं आणि तो हसला. आमची मुलगी इरा दचकून त्याच्याकडे बघायला लागली. मग तीही हसली. मग आम्ही तिघंही रडलो.

अप्पा म्हणजे यशवंत शिर्के. परळला राहायचे. दिवसा महापालिकेच्या एका कार्यालयात कारकून आणि संध्याकाळपासून ढोलकीवाले. ऑर्केस्ट्रा, लावणीचे कार्यक्रम, कुणाच्या घरचं बारसं, काहीही असो. जाहिरातीत त्यांचं नाव कधी आलं नाही, पण गाणाऱ्या बायका सुपारी घेताना आधी विचारायच्या म्हणे, "ढोलकीला शिर्के आहेत ना?" त्यांच्या हाताला जोर होता. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत ढोलकी ऐकू जायची, अशी त्यांची ख्याती. मी लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हा सासूबाईंनी मला गमतीने सांगितलं होतं, "यांना हळू काही जमत नाही. दार लावणं, शिंकणं, ढोलकी… सगळं दणक्यात."

बोलणं मात्र कमी. सगळा संवाद सासूबाईंच्या मार्फत. आम्ही सिंगापूरला आलो तेव्हाही फोनवर त्याच बोलायच्या, आणि शेवटी "थांब हं, यांना देते" म्हणायच्या. मग अप्पा यायचे. "हं… बरं… सगळं ठीक… ठेवतो." प्रशांत फोन ठेवून नुसता भिंतीकडे बघत बसायचा. एकुलत्या एका मुलाशी बापाला चार वाक्यं बोलता येऊ नयेत, याचं त्याला लहानपणापासून दुःख होतं. पण खरी अढी बसली ती सासूबाईंच्या शेवटच्या आजारात. त्या हॉस्पिटलमध्ये होत्या. प्रशांतने घरी फोन केला आणि अप्पांना विचारलं, "मी निघून येऊ का?" अप्पा म्हणाले, "सगळं ठीक आहे. काळजी करू नको." त्याने तिकीट काढलं नाही. त्याच आठवड्यात त्या गेल्या. आम्ही पोहोचलो ते थेट अंत्ययात्रेलाच. प्रशांत त्यावर एक शब्दही बोलला नाही, अप्पांशी तर नाहीच. मला मात्र एकदा म्हणाला, "त्यांनी मला येऊ दिलं नाही."

सासूबाईंनंतर काही वर्षं अप्पा परळला एकटेच राहिले. मग एकदा बाथरूममध्ये पाय घसरून पडले, खुब्याला मार बसला, आणि प्रशांतने जाऊन त्यांना इकडे आणलं. व्हिजिट पास, विमा, डॉक्टर, नवीन चष्मा, सगळं त्याने केलं. मुलाचं कर्तव्य म्हणून एकही गोष्ट सोडली नाही. फक्त बोलत नव्हता. जेवताना ताटात बघून काहीतरी विचारायचा, "औषध घेतलंत का?" असं. अप्पा उत्तर द्यायचे नाहीत, पोळीचा तुकडा मोडत राहायचे. प्रशांत माझ्याकडे बघायचा. बघितलंस, असं त्या नजरेत असायचं. मीही तेच बघत होते आणि मलाही तेच वाटत होतं, की हा माणूस मुद्दाम असा वागतो.

त्यांनी सामानात कपडे कमी आणि ढोलकी आणली होती. पहिले काही दिवस ती तशीच गवसणीत होती. मग एका दुपारी त्यांनी ती काढली, मांडीवर घेतली आणि वाजवली. आमचा फ्लॅट दहाव्या मजल्यावर. भिंती काँक्रीटच्या, आणि काँक्रीट असा आवाज अगदी प्रेमाने खालच्या घरात नेऊन पोहोचवतं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी खालच्या मिसेस टान वर आल्या. हातात संत्र्यांची पिशवी. तक्रार करायला येतानाही रिकाम्या हाताने न येणारी बाई. "अंकल प्लेइंग व्हेरी नाइस," त्या इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाल्या, "बट माय मदर कॅनॉट स्लीप लाह. एव्हरी आफ्टरनून, दुम दुम दुम." त्यांची आई नव्वदीची, अंथरुणाला खिळलेली. मी माफी मागितली. अप्पांना समजावलं. त्यांनी ढोलकी गवसणीत घातली आणि कपाटावर ठेवून दिली. दुसऱ्या दिवसापासून ते दुपारी खिडकीशी बसून असायचे. बोटं मांडीवर चालायची, आणि मध्येच थांबायची.

ते मला बघवेना. क्लेमेंटीला एक विद्यार्थी शिक्षण संपवून परत आपल्या देशात चालला होता आणि आपला इलेक्ट्रॉनिक ड्रमचा संच काढून टाकत होता. मी तो घेतला. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड असतो ना, त्याच जातीचं. पॅडवर मारायचं, पॅडमधून तारेने इशारा जातो मॉड्यूलकडे, म्हणजे आवाज काढणाऱ्या पेटीकडे, आणि पेटी हेडफोनमध्ये वाजते. बाहेर फक्त टपटप. पण ते पॅड काठ्यांनी मारायचे होते, हाताला लागायचे. म्हणून मी पेटी तेवढी ठेवली आणि अप्पांसाठी दोन पॅड स्वतःच बनवले. प्लायवूडची फळी, वर स्पंज, सर्वांत वर कॉम्प्युटरच्या माउसखालचं रबर. आणि मधे एक पितळी चकती. वाढदिवसाचं गाणारं भेटकार्ड उघडून पाहिलं असेल कुणी, तर त्यात असते तशीच. तिच्यावर दाब पडला की तिच्यातून विजेचा एक ठोका निघतो. जेवढा दाब मोठा तेवढा ठोका मोठा. एक पॅड उजव्या हाताला, ढोलकीच्या चढ्या आवाजाचा; दुसरा डाव्या हाताला, घुमाऱ्याचा.

अप्पांनी हेडफोन घातले, हात चोळले आणि पहिली थाप मारली. मग दुसरी. मग थांबून माझ्याकडे बघितलं. "हे तोतरं आहे," ते म्हणाले. "मी एक मारतो, हे दोन वाजवतं. आणि उजव्याने मारलं तर डावा कशाला बोलतो मधेच?"

मी हेडफोन घेऊन ऐकलं. त्यांचं खरं होतं. चकतीतून येणारा ठोका पेटीला झेपत नव्हता, इतका तो जोरकस होता. त्यामुळे तीन भानगडी होत होत्या. हलकी थाप असो वा भारी, पेटीला दोन्ही सारख्याच भासायच्या आणि ती सगळंच पूर्ण आवाजात वाजवायची. एका थापेनंतर फळी थरथरत राहिली की ती थरथरही पेटी नवी थाप समजायची. आणि तीच थरथर टेबलावरून शेजारच्या पॅडपर्यंत जाऊन त्यालाही बोलायला लावायची.

हे माझ्या रोजच्या कामातलंच होतं, त्यामुळे मला उलट मजा वाटली. प्रत्येक पॅड वेगळ्या फळीवर घेतला आणि फळीखाली जाड स्पंज दिला, तेव्हा शेजाऱ्याचं मधे बोलणं थांबलं. पेटीत एक सोय असते, एक ठोका ऐकला की क्षणभर दुसरा ऐकायचा नाही. तो क्षण थोडा लांबवला. तोतरेपणा गेला. राहिला जोर. पेटीतली संवेदनशीलता सगळ्यात खाली आणली तरी पुरेना. मग रोचोरच्या बाजूला इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं आहेत तिथून रेडिओच्या आवाजाला असतात तशी दोन फिरवायची बटणं आणली आणि चकती आणि पेटी यांच्या मधल्या तारेत बसवली. नळाची तोटी आवळावी तसं बटण फिरवलं की ठोका कमी होऊन पेटीपर्यंत पोहोचायचा. मी स्वतः वाजवून बघितलं. हळू मारलं तर हळू, जोरात मारलं तर जोरात. पेटीच्या छोट्या पडद्यावर प्रत्येक थापेची एक पट्टी उमटते, ती आता कधी आखूड, कधी लांब दिसत होती. मी समाधानाने अप्पांना बोलावलं.

अप्पा बसले, आणि पडद्यावरची प्रत्येक पट्टी पुन्हा टोकाला गेली.

मी बटण आणखी आवळलं. दुसऱ्या दिवशी पट्टी पुन्हा टोकाला. चकतीवर आणखी एक थर स्पंज दिला. तिसऱ्या दिवशी तेच. मी जेवढं दाबत होते तेवढं ते जोरात मारत होते. एका शनिवारी त्यांच्या उजव्या हाताच्या बोटाला चीर पडलेली दिसली. त्यावर त्यांनी चिकटपट्टी गुंडाळली होती आणि वाजवणं चालूच होतं. "अप्पा, हळू वाजवा ना जरा," मी म्हणाले. ते म्हणाले, "वाजतच नाही गं. तू त्याचा जीवच काढून घेतलायस."

मी वैतागले. माझ्या हाताला पॅड शहाण्यासारखा वागत होता. मग यांच्याच हाताला काय होतं?

उत्तर इराने दिलं, नकळत. रविवारची दुपार होती. अप्पा पाणी प्यायला उठले आणि ती त्यांच्या खुर्चीत बसली. हेडफोन कानाला लावून तिने पॅडवर हात आपटला आणि लगेच हेडफोन ओढून काढले. "आजोबा, सो लाउड! माय इअर पेन लाह!" मी पेटी बघितली. मी वाजवून बघितल्यानंतर कधीतरी अप्पांनी हेडफोनचा आवाज शेवटपर्यंत वाढवला होता. इतका, की मला हेडफोन कानाला लावणं शक्य नव्हतं. आणि त्या आवाजातही अप्पांना वाटत होतं की वाजत नाही.

मी तिथेच उभी राहिले. आमच्या कामात पहिल्या दिवशी शिकवतात, यंत्राला दोष देण्याआधी त्याच्यात काय सोडतोय ते बघा. मी इतके दिवस तार बघत होते, चकती बघत होते, स्पंज बघत होते. अप्पा स्वयंपाकघरात माझ्याकडे पाठ करून पाणी पीत होते. मी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अप्पा, चहा ठेवू का?" ते पाणी पीत राहिले. मी दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा म्हणाले. काही नाही. मग वळसा घालून त्यांच्या समोर गेले आणि तेच, त्याच आवाजात विचारलं. "ठेव की," ते म्हणाले. "आलं घाल थोडं."

मी चहा केला, त्यांच्या समोर बसले आणि सरळ विचारलं, "अप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

त्यांनी आधी कप खाली ठेवला. मग बराच वेळ खिडकीबाहेर बघितलं. मला वाटलं हेही ऐकू गेलं नाही. पण गेलं होतं… किंवा त्यांनी ओठांवरून वाचलं होतं.

"डावा कान बरीच वर्षं झाली," ते म्हणाले. "उजवा नंतर गेला. पूर्ण नाही गेलेला. मोठं ऐकू येतं. माणसाचं तोंड समोर असलं की कळतं."

"मग कार्यक्रमांत कसं वाजवायचात?"

"नाचणारीच्या पायावर नजर ठेवायची. गाणारी श्वास घेते तेव्हा तिचा खांदा वर जातो, तो बघायचा. ढोलकी हाताला कळते." मग म्हणाले, "बहिरा ढोलकीवाला कोण बोलावणार होतं, मनीषा? एकदा बाहेर कळलं असतं तर संपलं होतं. हिला तेवढं माहीत होतं. ती सांभाळून घ्यायची."

हिला म्हणजे सासूबाईंना. म्हणून फोनवर नेहमी त्याच बोलायच्या. आणि म्हणूनच शेवटी फोन हातात आला की अप्पांचं ते एकच वाक्य, जे कुठल्याही प्रश्नाला चालून जाईल असं. फोनवर समोर तोंडच नसतं. हे मनात आलं आणि त्यापुढची गोष्टही मला दिसली.

प्रशांतला मी त्याच संध्याकाळी खाली चालायला नेऊन सांगितलं. कानांचं सगळं सांगितलं, फोनचंही सांगितलं. हॉस्पिटलच्या वेळच्या फोनचं मी काढलं नाही. ते त्याचं त्यालाच काढू दे, असं वाटलं. तो चालता चालता थांबला, इमारतीखालच्या मोकळ्या जागेतल्या, व्हॉइड डेकमधल्या, दगडी बाकावर बसला आणि म्हणाला, "म्हणजे त्या दिवशी त्यांनी…"

कानांच्या तपासणीला अप्पा सहज तयार झाले नाहीत. "या वयात काय करायचंय" वगैरे झालं. पण इराने, "आजोबा, यू नेव्हर हिअर माय जोक," म्हटल्यावर आले. काचेच्या छोट्या खोलीत बसवून त्यांना वेगवेगळे आवाज ऐकवले आणि ऐकू आला की हात वर करायला सांगितलं. आम्ही काचेबाहेरून बघत होतो. हात बराच वेळ वर जात नव्हता. ते गुडघ्यावर हात ठेवून, शाळेतल्या मुलासारखे ताठ बसले होते, आणि प्रशांत काचेला कपाळ टेकवून त्यांच्याकडे बघत होता.

बाहेर पडल्यावर आम्ही जवळच्या हॉकर सेंटरला जेवायला गेलो. अप्पांना माशांचं सूप आवडायचं. प्रशांत त्यांच्या शेजारी बसला होता. बराच वेळ नुसता चमचा फिरवत राहिला आणि मग खाली बघूनच म्हणाला, "अप्पा, एक विचारायचं होतं." अप्पा सूप पीत राहिले. मी काही बोलणार, तेवढ्यात प्रशांत उठला, आपला ट्रे उचलून टेबलाला वळसा घालून आला आणि त्यांच्या बरोबर समोर बसला.

"आई हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा मी फोन केला होता," तो म्हणाला. सावकाश, एकेक शब्द वेगळा करून. "मी विचारलं होतं, मी निघून येऊ का. तुम्ही म्हणालात, सगळं ठीक आहे."

अप्पांनी चमचा खाली ठेवला. "तू येऊ का म्हणाला होतास?"

"हो."

"मला नाही कळलं रे ते. तू काहीतरी बोलत होतास… मला वाटलं, तुला जमत नाहीये, कामाचं सांगतोयस. मी हिला जाऊन सांगितलं, त्याला सुट्टी मिळत नाहीये, पण येईल तो." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "आम्ही वाट बघत होतो."

आजूबाजूला ट्रे आदळत होते, कुणीतरी ऑर्डरचा नंबर ओरडत होतं. प्रशांतने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि मग लगेच ते बाजूला केले, बहुधा त्यांना ओठ दिसावेत म्हणून. "मला वाटलं तुम्हाला मी नको होतो," तो म्हणाला.

"वेडा आहेस का तू," अप्पा म्हणाले. बोलणं तिथे संपलं, तुटलं नाही, आणि त्यात फरक असतो हे मला त्या दिवशी कळलं. थोड्या वेळाने अप्पांनी आपल्या सुपातला माशाचा मोठा तुकडा उचलून प्रशांतच्या भातावर ठेवला. त्याने तो खाल्ला. रडत रडत खाल्ला, पण सगळा खाल्ला.

इतकी वर्षं दोघंही एकाच गोष्टीचं दुःख दोन टोकांनी धरून बसले होते. एकाला वाटत होतं, मला येऊ दिलं नाही. दुसऱ्याला वाटत होतं, पोरगा आला नाही. आणि खोटं कुणीच बोललं नव्हतं. सासूबाई वाट बघत गेल्या, हे मात्र राहिलंच. ते कशानेच पुसलं जाणार नव्हतं. पण आता ते ओझं दोघं मिळून उचलत होते. सासूबाईंच्या श्राद्धाला पहिल्यांदाच बापलेक एका पाटाशी बसून काहीबाही आठवणी काढत होते, अप्पा "हिला तर…" म्हणून सुरुवात करायचे आणि प्रशांत ते पुरं करायचा.

कानातली यंत्रं आली तेव्हा पहिले काही दिवस अप्पांनी तक्रारीच केल्या. "तुम्ही भांडी किती आदळता." "ही लिफ्ट बोलते?" "माझ्या चपलांचा आवाज असा होता?" साळुंक्यांच्या कलकलाटाने ते पहाटे खिडकी लावून घेऊ लागले. मग एके दिवशी पॅडसमोर बसले. हेडफोन यंत्रांवरून अडकवायचा सराव नव्हता, म्हणून मी पेटीला एक छोटा स्पीकर जोडून दिला, आवाज आपल्या बोलण्याइतका. त्यांनी थाप मारली. दचकले. पुन्हा मारली, थोडी हळू. मग आणखी हळू. मग बोटाच्या नुसत्या टोकाने… आणि पेटी गप्प. "आता हे मुकं झालं," ते म्हणाले आणि हसले. मी एवढ्या मेहनतीने आवळलेली बटणं एकेक करून सैल केली, स्पंजचे दोन थर काढून टाकले. पडद्यावर आखूड पट्ट्या उमटायला लागल्या. लांब, आखूड, अगदी नावापुरती, मग एकदम लांब. मी त्यांच्या घरात सून म्हणून इतकी वर्षं होते आणि अप्पांना हळू वाजवताना पहिल्यांदा ऐकत होते. ऐकू येत असतं तर ते आधीपासूनच असं वाजवत आले असते का, कुणास ठाऊक.

मग खरी ढोलकीही कपाटावरून खाली आली. सकाळी थोडा वेळ, मऊ हाताने. मला धाकधूक होती. एक दिवस लिफ्टमध्ये मिसेस टान भेटल्या आणि मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, "अंकल नॉट प्लेइंग एनी मोअर आह? माय मदर आस्किंग." मी म्हटलं, रोज वाजवतात. त्यांचा विश्वास बसेना.

शेवटची काही वर्षं अशी गेली. पॅड इराकडे गेले. अप्पा मरीन परेडच्या एका कॉन्डोत आमच्या मराठी मंडळींच्या गाण्याच्या बैठकीत साथीला बसायचे, आणि गाणाऱ्यांना टोकायचे की श्वास चोरू नका, मला ऐकू येतो. हृदय थकत चाललं होतं, ते डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि अप्पांनी ते नीट ऐकलं होतं. त्यांना सगळ्यात वेड लागलं होतं ते फोनचं. यंत्रं थेट मोबाइलला जोडता येतात हे कळल्यापासून ते परळ, लालबाग, पार कोल्हापूरपर्यंत जुन्या माणसांना शोधून काढून फोन करायचे. त्यातले एक गोविंदकाका. ऑर्केस्ट्रात गायचे, आता मुंबईत मुलीकडे असतात. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन ठरलेला. गोविंदकाकांचे कानही आता गेले आहेत आणि यंत्र लावायला ते तयार नाहीत. अप्पा त्यांना फोनवरून ओरडून ओरडून यंत्राचं महत्त्व पटवायचे, आणि ते पलीकडून भलतंच उत्तर द्यायचे.

अप्पा गेल्यावर प्रशांतने गोविंदकाकांना कळवलं. त्यांना कळलं असावं असं आम्हाला वाटलं. पुढच्या रविवारी सकाळी अप्पांचा मोबाइल वाजला. तो अजून चार्जरलाच होता, त्यांच्या पलंगाशेजारी. प्रशांत आत गेला, त्याने फोन उचलला आणि पलंगाच्या कडेला बसला. दार उघडं होतं. मी पोहे करत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. खालच्या मजल्यावरही जात असणार.

"काका, मी प्रशांत. प्रशांत! हो, शिर्क्यांचा… नाही, अप्पा नाहीत आता. सांगितलं होतं ना तुम्हाला… हो. हो, झोपेतच… नाही, त्रास नाही झाला. तुम्ही चहा घेतलात का? चहा घेतलात का, म्हटलं… नाही नाही, चहा… बरं, राहू दे. तुम्ही सांगा, मी ऐकतोय."

मी गॅस बंद केला. पलीकडून गोविंदकाकांचा थकलेला, चढा आवाज येत होता, कुठल्या तरी जुन्या कार्यक्रमाचं काहीतरी सांगत होते, आणि प्रशांत मधे मधे जोरात "हो" म्हणत होता. पुढच्या रविवारीही फोन आला. त्याच्या पुढच्याही. काल पुन्हा रविवार होता, आणि प्रशांत वेळेआधीच त्या खोलीत जाऊन बसला होता.